नव्या मोटारसायकलचे इग्निशन लॉक बिघडले तर

मोटारसायकलचे इग्निशन लॉक दिसायला एक असले, तरी त्याच्या डबीत दोन वेगळ्या वस्तू बसवलेल्या असतात. वर कुलूप आणि खाली विजेचा स्विच. कुलपाच्या बॅरलमध्ये पातळ पत्त्या आणि त्यांना रेटणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात. योग्य चावी आत गेली की तिच्या खाचांमुळे सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि बॅरल फिरायला मोकळे होते. बॅरल फिरले की त्याच्या शेपटाला अडकवलेली प्लास्टिकची चकतीही फिरते. ती चकती तांब्याचे कॉन्टॅक्ट एकमेकांना भिडवते आणि बॅटरीचा करंट पुढे मीटर, ईसीयू (इंजिनाचा संगणक), पेट्रोल पंप आणि दिव्यांकडे जातो. याच डबीकडे हँडल लॉकचेही काम असते. हँडल वळवून चावी दाबून फिरवली की एक दांडी बाहेर सरकून चासीवरच्या खाचेत बसते.

त्यामुळे ‘लॉक खराब झाले’ एवढ्या तक्रारीवरून काहीच कळत नाही. चावी फिरत नाही, चावी फिरते पण करंट जात नाही, आणि हँडल सुटत नाही, हे तीन वेगळे बिघाड आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत. विजेच्या बिघाडावर तेल सोडणे आणि कॉन्टॅक्टच्या बिघाडावर बॅटरी बदलणे, हे दोन्ही प्रकार गॅरेजांमध्ये रोज चालतात. गाडी जुनी असेल तर त्यात थोडे पैसे जातात. गाडी वॉरंटीत असेल तर अशा खटपटीने वॉरंटीचा हक्कच अडचणीत येऊ शकतो.

चावी जड जात असेल तर पहिली चाचणी फुकट आणि अर्ध्या मिनिटाची आहे. शोरूममधून मिळालेली दुसरी चावी लावून पाहावी. दुसरी चावी सुळसुळीत फिरली, तर लॉक चांगले असून पहिल्या चावीत दोष आहे. नव्या चावीच्या खाचांना कधी कधी कापताना राहिलेली धातूची कड असते. नखाने चाचपली तरी ती लागते आणि उजेडात धरल्यास चमकते. दोन्ही चाव्या एकावर एक ठेवल्या तर खाचांमधला फरकही दिसतो. पण दोन्ही चाव्या एकाच जागी अडत असतील, तर दोष बॅरलमध्ये आहे. चावी कानस लावून घासण्याचा मोह होतो, पण नव्या गाडीच्या बाबतीत तो टाळलेला बरा. घासलेली चावी पाहिली की सर्व्हिस सेंटरला हात झटकायला कारण मिळते.

या सगळ्याची तपासणी खरे तर गाडी ताब्यात घेतानाच व्हायला हवी. दसरा आणि गुढीपाडव्याला शोरूमच्या दारात गाड्यांची रांग लागलेली असते. डिलिव्हरीपूर्वीची तपासणी त्या घाईत कागदावरच उरकली जाण्याची शक्यता मोठी असते. ग्राहकाचेही लक्ष हार, पेढे आणि फोटोंकडे असते. पाच मिनिटे बाजूला काढून दोन्ही चाव्या इग्निशन, पेट्रोलच्या टाकीचे झाकण, साइड पॅनल किंवा सीटचे लॉक अशा प्रत्येक ठिकाणी लावून पाहाव्यात. हँडल लॉक करून सोडवून पाहावे. ऑन आणि ऑफ या प्रत्येक जागी चावी ‘टक्’ असा ठसठशीत आवाज करून थांबते का, हे बोटांना जाणवले पाहिजे. ऑनवर असताना चावी बाहेर निघता कामा नये. चावीच्या जुडग्याला नंबर कोरलेली छोटी पट्टी असेल तर त्या नंबराचा फोटो काढून ठेवावा आणि पट्टी घरी ठेवावी. चावी हरवली तर हा नंबर उपयोगी पडतो. तोच नंबर चोराच्या हाती पडला तर त्यालाही तो तितकाच उपयोगी पडतो.

पूजेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. नव्या गाडीच्या हँडलवर हळदकुंकू वाहतात, अक्षता टाकतात, नारळ फोडून पाणी शिंपडतात. इग्निशनचे भोक तोंड वर करून बरोबर त्याखालीच असते. कुंकवाची पूड आणि नारळाचे गोडसर पाणी यांचा चिकटा पत्त्यांवर बसला की नवे कोरे लॉक दोन आठवड्यांत अडखळू लागते. पूजेपुरती त्या भोकावर चिकटपट्टी लावली तर श्रद्धेला बाध येत नाही. ज्या गाड्यांना भोकावर सरकते झाकण असते, त्यांचे ते झाकण रोज बंद करण्याची सवय लावून घ्यावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही सवय फार कामाची ठरते.

अडखळणाऱ्या कुलपात घरातले खोबरेल, शिलाईयंत्राचे तेल किंवा इंजिन ऑइल सोडू नये. त्याने त्या दिवशी चावी फिरते, पण तेल धूळ धरून ठेवते आणि महिन्याभरात आत काळे कीट जमते. कुलपाच्या भागासाठी कोरडे वंगण हवे. ग्रॅफाइटची बारीक पूड चावीला लावून चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करावी. पूड मिळाली नाही तर मऊ पेन्सिलचे शिसे चावीच्या खाचांवर घासूनही तात्पुरते काम भागते. मात्र ग्रॅफाइट वीजवाहक असते. भोकात भसाभस पूड ओतली आणि ती खाली स्विचपर्यंत झिरपली तर नवे दुखणे ओढवते. म्हणून पूड चावीला लागेल तेवढीच वापरावी. वॉरंटीतल्या गाडीला एवढ्याने गुण आला नाही, तर घरगुती उपाय तिथेच थांबवावेत.

हँडल लॉक अडकल्याच्या तक्रारींत बहुतेक वेळा बिघाड नसतोच. हँडल पूर्ण वळलेल्या अवस्थेत पुढच्या चाकाचा भार त्या दांडीवर येतो आणि दांडी खाचेत घट्ट दाबली जाते. अशा वेळी जोर चावीवर लावायचा नसतो. एका हाताने हँडल किंचित पुढे-मागे हलवत, दुसऱ्या हाताने चावी अलगद फिरवली की दांडी सुटते. उतारावर किंवा चाक फुटपाथला टेकवून लावलेली गाडी आधी हातभर मागे घ्यावी. एवढे करूनही दांडी सुटत नसेल, किंवा हँडल सरळ असताना दांडी अर्धवट बाहेर राहत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. असली गाडी चालवत सर्व्हिस सेंटरला नेऊ नये. टोइंग करून किंवा टेम्पोत घालून न्यावी. कंपनीची रोडसाइड असिस्टन्स सेवा घेतलेली असेल तर ती अशाच वेळी वापरायची असते.

विजेच्या बाजूचा बिघाड अधिक फसवा असतो, कारण तो येतो आणि जातो. त्याची ओळख पटवायला एक निरीक्षण पुरते: गाडी बंद पडली त्या क्षणी मीटरचे काय झाले? इंजिन थांबले, पण मीटर आणि दिवे तसेच चालू राहिले, तर इग्निशन लॉकवर संशय घेण्याचे सहसा कारण नाही. तेव्हा किल स्विच, साइड स्टँडचा सेन्सर, पेट्रोल पंप, प्लग यांच्याकडे पाहावे. इंजिन, मीटर, हॉर्न, इंडिकेटर सगळे एकदम मेले, तर मात्र आरोपी तीनच उरतात: बॅटरीचे सैल टर्मिनल, मुख्य फ्यूज आणि वायरींसह इग्निशन लॉक. बहुतेक बीएस-6 गाड्यांमध्ये, म्हणजे 1 एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांत, आणखी एक खूण कानाला मिळते. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंप क्षणभर ‘झूं’ असा आवाज करतो. हा आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, असे होत असेल तर करंट वाटेत कुठेतरी तुटतो आहे.

पुढची चाचणी गाडी स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये ठेवून करावी. चावी ऑनवर ठेवून ती बोटाने हलकेच डावी-उजवी हलवावी. मीटर लुकलुकले तर स्विचचे कॉन्टॅक्ट नीट भिडत नाहीत. चावीला हात न लावता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. तेव्हा मीटर लुकलुकले तर दोष बहुधा लॉकपासून निघणाऱ्या वायरींत आहे. नव्या गाडीत हेच जास्त वेळा सापडते. वायरिंग बांधताना पट्टा ताणून लावला असेल, तर हँडल वळताना दर वेळी वायर खेचली जाते. वरचे प्लास्टिक शाबूत राहते आणि आतली तांब्याची तार तुटत जाते. हेडलाइटमागचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा सांधा, अर्धवट बसलेला असणे हाही त्यातलाच प्रकार. कपलर पुरता बसला की खट् असा आवाज येतो. तो आवाज ऐकण्याइतकी सवड जोडणाऱ्याला मिळालेली नसते.

मल्टिमीटर हाताळता येत असेल तर खात्री करून घेता येते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.5 ते 12.8 व्होल्ट दिसतात. चावी ऑन करून लॉकच्या कपलरमध्ये आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरींवरचा व्होल्टेज मोजावा. दोन्हींत जेमतेम फरक असायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त घट दिसली तर कॉन्टॅक्ट खराब आहेत असे समजावे. त्यासाठी कपलर सोडवण्याची किंवा वायर सोलण्याची गरज नाही. मल्टिमीटरची बारीक सुई कपलरच्या मागच्या बाजूने आत जाते. सोललेली वायर वॉरंटीच्या तपासणीत पहिली दिसते.

चालत्या गाडीचा करंट तुटणे हा सुरक्षेचा प्रश्न आहे. अशी गाडी ‘जमेल तोवर’ वापरू नये. त्या क्षणी ब्रेक मरत नाहीत, कारण ते तारेवर किंवा ऑइलच्या दाबावर चालतात. पण एबीएस बंद होते, ब्रेकचा दिवा लागत नाही, इंडिकेटर जातो आणि रात्री मागून येणाऱ्या ट्रकला पुढची मोटारसायकल दिसत नाही. क्लच दाबून, हाताने इशारा देत गाडी डावीकडे घ्यावी. चालत्या गाडीवर चावीशी खेळत बसू नये.

या बिघाडाचे गांभीर्य दाखवणारे सर्वांत मोठे प्रकरण मोटारींचे आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने 2014 साली शेवरले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि इतर काही मॉडेलांच्या सुमारे 26 लाख गाड्या इग्निशन स्विचसाठी परत बोलावल्या. त्या स्विचमध्ये चावीला जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग कमकुवत होती. खड्ड्याचा हिसका बसला किंवा जुडग्याचे ओझे झाले की चावी आपोआप मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. मोटारसायकलला एअरबॅग नसते, पण वर ज्या ‘टक्’ आवाजाचा उल्लेख आला, त्याचे मोल यावरून कळावे. इग्निशनच्या चावीला घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या चाव्या आणि वर पितळी गणपती लटकवण्याची हौस याच कारणाने महाग पडते.

लॉक बिघडण्याची कारणे पुष्कळदा गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तयार होतात. जादा एलईडी दिवे, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर, अलार्म किंवा जीपीएस यांची वायर सरळ इग्निशनच्या वायरीला पिळून जोडली जाते. एप्रिल 2017 पासून दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू राहतो. बऱ्याच गाड्यांत त्याचाही करंट याच स्विचमधून जातो. त्यात आणखी भर पडली की कॉन्टॅक्ट तापतात आणि खालचे प्लास्टिक मऊ पडते. जादा दिवे लावायचेच असतील तर रिले आणि वेगळा फ्यूज घालून बॅटरीवरून लावावेत, आणि वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात. वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या फवाऱ्याने मीटरखाली पाणी मारू देऊ नये. कॉन्टॅक्टवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमलेली दिसली तर पाणी आत गेले, हे ओळखावे.

काही उपाय मुळातच करू नयेत. चावी तुटून अर्धी आत राहिली, तर उरलेल्या तुकड्याला फेविक्विक लावून ती ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. बहुतेक वेळा त्यात सगळे लॉकच चिकटून बसते. चिमट्याने तुकडा निघाला नाही तर चावीवाल्याला किंवा सर्व्हिस सेंटरला बोलवावे. लॉकच्या वायरी तोडून गाडी ‘डायरेक्ट’ करणे हा तर वॉरंटी आणि विमा दोन्ही घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. इग्निशन लॉक घरी काढण्याचाही खटाटोप करू नये. चोरी टाळण्यासाठी अनेक गाड्यांत ते असे बोल्ट घालून बसवतात की कसल्यावर त्यांचे डोके तुटून पडते. पुढे ते ड्रिल मारूनच काढावे लागतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर ‘आत्ता तर चालू आहे, साहेब’ हे वाक्य ऐकू येणारच. त्यावर वाद घालण्यापेक्षा पुरावा दाखवणे सोपे पडते. बिघाड होतानाचा मोबाइल व्हिडिओ घ्यावा. त्यात चावी, मीटर आणि किलोमीटरचा आकडा एका चौकटीत दिसावा. जॉब कार्डवर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘लॉक चेक करणे’ असे गुळमुळीत लिहू न देता ‘चालत्या गाडीत मीटर व इंजिन एकदम बंद पडते, आतापर्यंत दोनदा घडले’ असे लिहायला लावावे. दुरुस्तीनंतर काय केले हेही त्यावर आले पाहिजे. जॉब कार्डची प्रत हा पुढच्या प्रत्येक पायरीचा आधार आहे. तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे असे समजून चालावे. गाडी दाखवून परत आणली आणि कागद मिळाला नाही, तर त्याच दिवशी ईमेलने तक्रार नोंदवून ठेवावी.

दोष बॅरलमध्ये निघाला तर पूर्ण लॉक सेट बदलून मागावा. नुसते इग्निशन लॉक बदलले तर टाकीला एक आणि इग्निशनला दुसरी अशा दोन चाव्या आयुष्यभर बाळगाव्या लागतात. वॉरंटीत ग्राहकाने ते का सोसावे? दोष फक्त खालच्या कॉन्टॅक्टच्या भागात असेल आणि तो भाग सुटा मिळत असेल, तर मूळ चाव्या कायम राहतात आणि तेच उत्तम. सर्व्हिस सेंटरने ‘बाहेरून घ्या, लगेच मिळेल’ असे सुचवले तरी वॉरंटीच्या काळात बाजारातला स्वस्त सेट बसवू नये.

एकच दोष दुरुस्तीनंतरही परत येऊ लागला तर डीलरच्या वर जावे. कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला जॉब कार्डांच्या प्रती जोडून लेखी तक्रार करावी आणि उत्तरासाठी मुदत द्यावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. त्यावर मराठीतही बोलता येते आणि बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. 1975 साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायतही अशा तक्रारींत मार्गदर्शन करते.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय गुरुग्राम किंवा चेन्नईला असल्याने काही बिघडत नाही. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीत कंपनीला वस्तूतील दोषासाठी आणि डीलरला सेवेतील त्रुटीसाठी, असे दोघांनाही पक्षकार करावे, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. मात्र मागणी वाजवी असावी. लॉक बिघडले म्हणून गाडी बदलून मागणाऱ्याच्या पदरी सहसा निराशा येते. 2006 साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या दोषासाठी गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची जबाबदारी आहे, सबंध गाडी बदलण्याची नाही, असा त्याचा आशय होता. सुटा भाग, झालेला खर्च आणि मनस्तापाची भरपाई एवढे मागितले तर प्रकरण भक्कम राहते.

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत तोच दोष दिसत असेल तर तो एकट्याचा प्रश्न राहत नाही. रॉयल एनफील्डने मे 2021 मध्ये इग्निशन कॉइलच्या दोषासाठी 2,36,966 मोटारसायकली तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. कॉइल आणि लॉक या वेगळ्या वस्तू आहेत, पण परत बोलावण्याची रीत तीच. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सरकारलाही असा आदेश देता येतो, आणि परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर वाहनधारकाला सुरक्षेशी संबंधित दोष नोंदवता येतो. एकट्या तक्रारीने काही होणार नाही असे वाटले तरी ती नोंदवावी, कारण आदेश काढताना तक्रारींची संख्याही पाहिली जाते.

लॉक बदलल्यानंतरचे एक काम बहुतेकजण विसरतात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागते. लॉक सेट बदललेला असेल आणि त्याचा कागद नसेल, तर त्या चाव्या मूळ नाहीत असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून जुन्या दोन्ही चाव्या फेकू नयेत. लॉक बदलल्याचे बिल किंवा वॉरंटीचे जॉब कार्ड जपून ठेवावे, विमा कंपनीला ईमेलने कळवावे, आणि नव्या सेटची दुसरी चावी गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवावी.